एक हुक आणि दोन चित्रं

विठ्ठला, रात्रीचे साडेनऊ वाजलेत. तेहतीस चित्रं भिंतीवर चढली. एक हुक रिकामा आहे, दारातून आत पाऊल टाकलं की समोर दिसतो तोच. त्याच्या खाली दोन चित्रं भिंतीला टेकून उभी आहेत आणि त्यांतलं एकच वर जाणार आहे. उद्या सकाळी दहाला लोक येतील. मामा किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बाहेर स्टुलावर बसलेत आणि दर पाच मिनिटांनी खोकतात. तो खोकला माझ्यासाठी आहे हे मला कळतं. "मामा, दहा मिनिटं द्या, एक काम राहिलंय," असं त्यांना सांगून आत आले. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्यांनी खाली एक वीट सरकवून ठेवलीय. ती बघूनच तुझी आठवण झाली, खोटं कशाला बोलू.

एरवी आपला व्यवहार बेताचाच. आषाढीला साबुदाण्याची खिचडी, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढताना तुझं नाव. आज मात्र मागायला आले आहे, आणि थोडं भांडायलाही. तुझ्याशी भांडायची आपल्याकडे रीतच आहे. जनाबाईच्या शिव्या तू निमूट ऐकून घेतल्यास, मग माझंही ऐक.

प्रदर्शन नदीकाठच्या पाणवनस्पतींचं आहे आणि नदी मुठा आहे, म्हणजे प्रकरण फिरून तुझ्याकडेच येतं. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेत जाते, भीमा उजनीच्या भिंतीशी थबकते, गाळ टाकते, हिरवी पडते, आणि सोडतील तेवढी पुढे निघते. पंढरपुरात ती वळण घेते म्हणून तिला आपण चंद्रभागा म्हणायचं. आम्ही पुणेकर सकाळी मोरीत जे ओततो ते कधी ना कधी तुझ्या पायरीशी येतं. तू काही बोलत नाहीस. कमरेवर हात ठेवून उभा आहेस, येईल ते पाणी बघत. दोन वर्षं मी ज्यांचे फोटो काढले तीही अशीच उभी असतात. त्यांनाही पाय हलवता येत नाहीत.

माझी तुझी ओळख पंढरपूरची नाही, विठ्ठलवाडीची. सिंहगड रस्ता तेव्हा इतका दाटलेला नव्हता. ज्यांना वारी जमत नसे त्यांचं पंढरपूर विठ्ठलवाडीला, आणि आईला वारी कधीच जमली नाही. ती रांगेत उभी राहायची आणि मी घाटावरून पाण्याकडे बघत बसायची. तिथंच पहिल्यांदा पाणकणीस पाहिलं. माझ्या दुप्पट उंच पातं आणि त्याच्या मधोमध कुणीतरी मखमलीत गुंडाळून ठेवल्यासारखं तपकिरी कणीस. एका भोयाच्या पोराकडून मी एक तोडून घेतलं, घरी आणून स्टीलच्या पेल्यात घालून शोकेसवर ठेवलं. पाहुणे विचारायचे, "काय गं हे, उदबत्ती का?" एके दिवशी भर दुपारी ते उकललं. आधी एका जागी शिवण उसवल्यासारखं झालं, मग त्या फटीतून कापूस बाहेर आला, आणि येतच राहिला. बोटभर कणसात इतकं काही दाबून भरलेलं असेल असं कुणाला वाटलं असतं? पंखा चालू होता. आई पुढचे आठ दिवस पडद्यांतून, गाद्यांतून, तुझ्या तसबिरीमागून म्हातारीच्या केसांसारखा तो कापूस झाडत होती आणि मला नावं ठेवत होती. त्या कापसातल्या एकेका झुबक्याला एकेक बी होतं, एवढं सगळं रान आईनं केरात भरून टाकलं हे मला फार उशिरा कळलं.

आई आता नाही. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा ती लकडी पुलाजवळ राहायची. पाणी कुठवर चढलं, कुणाचं काय वाहून गेलं, हे तिनं शेकडो वेळा सांगितलं. पाणी ओसरल्यावर त्या चिखलात आधी काय उगवलं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता चित्रांबद्दल सांगते, म्हणजे तू उद्या आलास तर अडायला नको. निम्मी कॅमेऱ्यानं काढलीत, निम्मी कॅमेऱ्याशिवाय. निळी दिसतात ती सायनोटाइप. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड अशी दोन द्रावणं मंद दिव्यात एकत्र करायची, ब्रशनं जाड कागदाला फासायची आणि कागद अंधारात वाळवायचा. (सायनाइड हा शब्द ऐकल्यापासून शेजारच्या काकूंनी नातवाला गच्चीवर पाठवणं बंद केलंय. ते सायनाइड हे नव्हे, असं तीनदा सांगून झालं.) मग कागदावर झाड ठेवायचं, वर काच दाबायची आणि उन्हात न्यायचं. चैत्राचं ऊन असेल तर दहा-बारा मिनिटं पुरतात. पिवळट हिरवा कागद डोळ्यांदेखत राखाडी होत जातो, जुन्या तांब्यासारखा काळवंडतो. तो पाण्यात घातला की पिवळं पाणी निथळतं आणि खालून निळा वर येतो. ऊन पडलं तिथं निळा, झाड होतं तिथं कोरा पांढरा कागद. झाड उचलून घेतलेलं असतं. कागदाला फक्त ते कुठं होतं तेवढंच ठाऊक.

ही युक्ती जॉन हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञानं 1842 साली काढली, आणि पुढच्याच वर्षी अॅना अॅटकिन्स नावाच्या बाईनं तिचा असा उपयोग केला की मला अजून तिचा हेवा वाटतो. ब्रिटनच्या किनाऱ्यावरची शैवालं तिनं अशीच कागदावर ठेवली, उन्हात धरली आणि त्यांची पुस्तकं बांधली. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक तेच, असं मानतात. नावाच्या जागी तिनं फक्त 'ए. ए.' एवढीच अक्षरं घातली होती, आणि ती कुणाची हे पुढे कितीतरी वर्षं लोकांना उलगडत नव्हतं. कुणा अनामिक हौशी माणसाची असतील असा अर्थसुद्धा लावून झाला. मी तर माझं नाव फलकावर बोटभर उंचीचं लिहून घेतलंय. तेही तुला दिसलंच असेल.

पाण्यातलं झाड कागदावर निजवणं सोपं नाही, देवा. ते रडतं. वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून दोन दिवस ठेवलं तरी पानाच्या देठातून एक थेंब सुटतोच आणि रसायनावर फुलासारखा डाग पडतो. कोळसुंदा तर काच टेकूच देत नाही. त्याच्या प्रत्येक पेऱ्यावर सहा काटे असतात, खिळ्यांच्या पेटीत हात घातल्यासारखे, आणि त्या काट्यांच्या आडोशाला निळसर जांभळी फुलं. काट्यांवर काच तरंगते, ऊन बाजूनं शिरतं, सावली भुरकट होते. आधी त्या प्रिंट मी फेकल्या. नंतर लक्षात आलं की हे झाड स्वतःला जवळून बघू देत नाही, आणि तेच चित्रात आलंय. म्हणून बारा नंबरचं चित्र धूसर आहे. कुणी 'फोकस गेलाय' म्हणालं तर मला शांत राहण्याची बुद्धी दे.

त्या कोळसुंद्याबद्दल क्षमा मागायची आहे. एका जागी पाच झाडं होती, त्यांतलं एक मी मुळासकट उपटलं. चार राहतील, म्हटलं. पुढच्या वर्षी गेले तर तिथं भराव पडलेला. राडारोडा, फरशांचे तुकडे, एक फुटकं कमोड. चौघांपैकी कुणीच शिल्लक नव्हतं, आणि त्या जागेवर उगवलेलं शेवटचं झाड माझ्या कपाटात वर्तमानपत्राच्या घडीत होतं. हे पुण्य म्हणायचं की पाप, ते तू ठरव.

नावं मला म्हशी राखणाऱ्या एका आजींनी शिकवली. पहिल्या दिवशी मी बेशरमीच्या फुलापुढे गुडघ्यावर बसले होते, तर मागून आवाज आला, "ताई, ह्याचा कशापाई फोटू? म्हस बी तोंड लावत न्हाय ह्याला." मग त्याच मला एकेक दाखवत गेल्या. गुलाबी तुरे आणि गाठी-गाठींची कांडी ती शेरळ. पाण्यावर पसरून पोकळ दांड्यांवर तरंगते ती नाळी. नाळीची भाजी त्या लहानपणी इथूनच खुडून न्यायच्या, लसणाची फोडणी घालून. "आता न्हाय खात. भाजी तीच हाय वो. पानी कसलं हाय बगा." वाळुंजाच्या झाडाशी आम्ही दोघी बसायचो. काठाला धरून वाकलेलं, फांद्या पाण्याला टेकलेल्या, पानं बारीक आणि खालून चंदेरी. वाळुंज आडनावाची माणसं पुण्यात कितीतरी भेटतील. झाड दाखवा म्हटलं तर बहुतेक सगळे गप्प बसतील. आजींना मी प्रदर्शनाला बोलावलंय. "दूध काडून यीन," म्हणाल्या. पांडुरंगा, त्या खरंच आल्या तर दारात कुणी त्यांना "काय काम आहे?" असं विचारू नये, एवढी व्यवस्था कर. मामा भले आहेत, पण उद्या उद्घाटनाला पाहुणे असणार, आणि आजींच्या पायांत चप्पल असेलच असं नाही.

सतरा नंबरपाशी जरा थांब. ते तुझंच काम आहे, पण इतक्या जवळून तूही किती दिवसांत पाहिलं नसशील. शहराआधीच्या एका धरणाच्या वरच्या अंगाला, एका ओढ्याच्या तोंडाशी, कमरेएवढ्या नितळ पाण्यात व्हॅलिसनेरिया उगवते. पाण्याखाली रिबिनीसारखी लांब पानं. मराठीत आपण तिलाही शेवाळच म्हणून मोकळे होतो. तिची मादीफुलं लांब नाजूक देठावर पृष्ठभागापर्यंत येतात आणि पाण्याला इवलासा खळगा पाडून थांबतात. नरफुलं तळाशी कळ्यांच्या गुच्छात. ती देठापासून सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात, पाण्यावर उघडतात आणि मोहरीएवढ्या होड्या होऊन वारा नेईल तिकडे जातात. एखादी त्या खळग्यात घसरते. मग मादीफुलाचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळत जातो आणि फुलाला खाली, पाण्यात ओढून घेतो. फळ तळाशी धरतं. मी चार दिवस कमरेपर्यंत पाण्यात उभी होते, पाय गारठलेले, आणि पाचव्या दिवशी ती होडी घसरताना मिळाली. त्या क्षणी मी तुझं नाव घेतलं नाही, "अगं बाई" म्हणाले. तेच तुला पोचलं असं समज.

शहराच्या खाली ही वनस्पती मला सापडली नाही. ऊन तळापर्यंत पोचलं तर ती जगणार, आणि तिथं हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत.

आता कबुली. तेवीस वर्षं मी जाहिरातींचे फोटो काढून पोट भरलं. भाजीवर ग्लिसरीन आणि पाण्याचा फवारा मारला की थेंब घरंगळत नाहीत, दिव्याखाली तासभर टपोरे राहतात. कोथिंबीर कालची असली तरी पहाटेची दिसते. अकरा नंबरच्या शेरळीवर जे दहिवर आहे ते दहिवर नाही. माझ्या पिशवीतली बाटली आहे ती. हात सवयीनं गेला. आठ नंबरमध्ये अळवाच्या पानाच्या डाव्या कडेला निर्माल्याची पिशवी होती, ती मी पायानं सरकवली. चोवीसमध्ये लव्हाळ्याच्या मागे गादी होती, कुणाची तरी कापूस निघालेली डबल बेडची गादी. ती सरकवता येईना म्हणून मी खाली आडवी झाले आणि आभाळ मागे घेतलं. लोक म्हणतील, काय कोन निवडलाय! फ्रेमच्या बाहेर काय होतं ते तुला आणि मला माहीत. मोठमोठ्यांनीही हे केलंय असं मी स्वतःला समजावते. जर्मनीतल्या कार्ल ब्लॉसफेल्टनं झाडांचे कोंब आणि कळ्या इतक्या मोठ्या करून दाखवल्या की लोकांना त्यात लोखंडी जाळ्या आणि देवळांचे खांब दिसले, 1928चं त्याचं पुस्तक आजही कलाशाळांत चाळतात. तोसुद्धा नको ती पानं खुडून झाडाला नीट करून घ्यायचा. पण त्याच्या झाडामागे गादी नव्हती.

म्हणून त्या दोन चित्रांचा प्रश्न आहे, विठोबा.

पहिलं जलपर्णीचं. पहाटे पुलावरून काढलेलं. काठापासून काठापर्यंत नदी जांभळी, पाण्याचा एक ठिपका दिसत नाही, वर धुक्याचा पातळ थर आणि मधोमध एक बगळा, जणू बागेत फिरायला आलाय. माझ्या सगळ्या कामात देखणं चित्र तेच आहे. निमंत्रणपत्रिकेवर तेच छापलंय. प्रिंट काढणारा मुलगा दिवसाला शंभर चित्रं बघतो, तोही म्हणाला, "मॅडम, हे काश्मीर का?" एका हॉटेलवाल्यांनी ते जेवणघराच्या भिंतीसाठी मागितलंय, सहा फुटी. आणि मला ते विकायचंय, हे तुझ्यापासून काय लपवू, फ्रेमवाल्याचे पैसे अजून द्यायचेत.

पण ते चित्र आजाऱ्याच्या गालावरची लाली आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. फूल सुंदर म्हणून कुणीतरी तिला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणलं आणि तिथून ती देशभर पसरली. तिला आमचं सांडपाणी मानवतं. साबण, मैला, खतं, जे जे आम्ही सोडतो त्यावर ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. खाली अंधार, पाण्यातला प्राणवायू संपत जातो, मासे वर येऊन तोंडं उघडतात, डासांची चंगळ होते. पोकलेन लावून काढतात, काठावर ढीग कुजतात, पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. एकदा तिच्या देठाचा फुगा सुरीनं चिरून बघितला. आत थर्माकोलसारख्या हवेच्या खोल्याच खोल्या, एकीला लागून एक, काय बांधकाम! आणि फूल. सहा पाकळ्या, फिकट जांभळ्या, त्यांतल्या वरच्या एकाच पाकळीवर गडद निळ्या कड्यात पिवळा ठिपका. हुबेहूब मोरपिसाचा डोळा.

माझं भांडण त्या डोळ्यावरून आहे. इतक्या मारक झाडावर तू तुझं मोरपीस का काढून ठेवलंस? पाणकणीस बघ. मुळांशी हवा पोचवतं, त्या मुळांच्या आधारानं जिवाणू घाण खातात, गाळ धरून ठेवतं, पाणकोंबडीला आडोसा देतं. त्याला तू मातकट रंग दिलास आणि लोकांनी उदबत्ती म्हणावं असा आकार. शेरळीची फुलं गव्हाच्या दाण्याएवढी. वाळुंजाच्या मोहराकडे मान वर करून कुणी बघत नाही. आणि जिनं त्या सगळ्यांची जागा बळकावली तिच्या कपाळावर मोरपीस! की तुझं म्हणणं असं आहे की तिच्या देशात, तिच्या नदीत ती शहाण्यासारखी राहत होती, आणि खत आम्ही घातलं? ते मला मान्य आहे. तरी तो ठिपका नसता तर बरं झालं असतं. कदाचित तिला कुणी बोटीत घातलंच नसतं.

दुसरं चित्र छोटं आहे, हातभर, आणि ते बिघडलेलं आहे. गेल्या वर्षी मला वाटलं, नदीच्या झाडाचं चित्र नदीच्याच पाण्यात धुवावं, छान कल्पना आहे. कलावंतांना असं काहीतरी सुचतच असतं. एकाच दिवशी, एकाच उन्हात पाणकणसाच्या दोन प्रिंट काढल्या. एक घरच्या नळाखाली धुतली. दुसरीसाठी पुलाखालून बादलीभर पाणी आणलं. बादली वर नेताना जिन्यात दोन बिऱ्हाडांनी दारं लावून घेतली. प्रिंट पाण्यात घातली, निळा नेहमीसारखा वर आला, मी खूश. ती तशीच बादलीत ठेवून चहा करायला गेले, मग फोन आला, मग विसरले. संध्याकाळी पाहते तर निळ्याचा जोर गेलेला. कडांना पिवळसर झाक, आणि पाणकणसाची पांढरी पाती आजूबाजूच्या निळ्यात विरघळत चाललेली. झाड कुठं संपतं आणि मोकळी जागा कुठं सुरू होते तेच कळेना. हा निळा सोड्याला, साबणाला टिकत नाही. रसायनाच्या पुस्तकात ते लिहिलेलं आहे, माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

मग गच्चीवर उभ्या उभ्या मला आठवलं की नळाचं पाणीही मुठेचंच आहे. खडकवासल्याचं. पर्वतीला शुद्ध होऊन माझ्या मोरीत येतं. म्हणजे दोन्ही प्रिंट एकाच नदीत धुतल्या होत्या. एक शहरात शिरण्याआधीच्या आणि एक शहर मधे आल्यानंतरच्या. त्या दोन पाण्यांच्या मधे मी राहते. माझं स्वयंपाकघर, माझं कपडे धुण्याचं यंत्र, माझे ट्रे धुतलेलं रसायनाचं पिवळं पाणी, सगळं त्या मधल्या जागेत आहे. पन्नाशी उलटेपर्यंत नदीवर बोलत आले आणि हे बादलीनं सांगावं लागलं.

नळाच्या पाण्यात धुतलेली प्रिंट तेहतीस नंबरला लागली आहे. निळी, तुझ्या अंगाच्या रंगाची म्हणावी इतकी गडद. तिच्या शेजारचा हुक रिकामा आहे.

तू आता सांग असं म्हणणार होते. पण तू सांगत नाहीस, हे माहीत असूनच लोक तुझ्याकडे येतात, आणि बोलता बोलता आपलं आपल्याला कळतं. तर ऐक, मी ती फिकी प्रिंट वर लावते आहे. लोक विचारतील, हे असं का? मी बादलीची गोष्ट सांगेन. रोज तीस-चाळीस वेळा तीच गोष्ट सांगून ती गुळगुळीत होऊ नये, जिन्यातल्या त्या दारांचा आवाज मला तसाच ऐकू येत राहो.

आणि उद्या जे येतील त्यांच्यासाठी थोडं मागते. उद्याची 2 फेब्रुवारी मुद्दाम निवडलीय. 1971 साली याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा करार झाला. आपल्या नांदूर मधमेश्वरला त्या कराराच्या यादीत जागा मिळाल्याचं जाहीर व्हायला 2020 उजाडलं. विठ्ठलवाडीच्या काठाचं नाव कुठल्याच यादीत येणार नाही आणि यावं असंही मी मागत नाही. वाळुंजाचं ते एक वाकलेलं झाड तेवढं राहू दे. काठ सरळ करण्याच्या नकाशात ते रेघेवर येतं, रेघ हातभर इकडे सरकू दे. प्रदर्शनाला कॉलेजची पोरं येतील, त्यांतली निम्मी शेजारच्या नाटकाच्या तिकिटाच्या रांगेला कंटाळून आत शिरलेली असतील. त्यांना येऊ दे. कुणी पाणकणसापुढे सेल्फी काढेल, काढू दे. एखादी बाई तिच्या मैत्रिणीला म्हणेल, "अगं, हे तर आमच्या मागच्या नाल्यात आहे!" तसं एकदा तरी माझ्या कानावर पडू दे. आणि हॉटेलवाल्यांना सहा फुटी जलपर्णीसोबत तिची हकिगत सांगण्याचा धीर मला दे, पैसे घेण्याआधी. नंतर नाही.

त्या जलपर्णीला घरी परत न्यायचं मात्र माझ्या जिवावर येतंय. पत्रिकेवर तीच आहे, लोक तिलाच शोधत येतील, आणि तिचाही काही दोष नाही. भिंतीवर जागा उरलेली नाही. तिला खालीच ठेवते, त्या फिक्या प्रिंटच्या पायाशी. बघायचं तर वाकून बघावं लागेल. पण फरशीवर नुसती टेकवली तर सकाळी पुसणाऱ्या मावशींच्या फडक्याचं पाणी फ्रेमला लागेल. खाली काहीतरी हवं.

"मामा, ही वीट घेऊ का?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, मग स्वतःच उठून वीट आणून दिली, हातानं झाडून. बसली बरोब्बर. जलपर्णी विटेवर उभी आहे, विठ्ठला, तुझा डोळा कपाळावर घेऊन. राग मानू नकोस.

"ते झालं," मामा म्हणतायत, "पन उद्या दार कशानं अडवायचं?"